मोफत डेटिंग ॲप विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाड्याने घर घेताना करारनामा दोनदा वाचणारी माणसेही डेटिंग ॲपवरचे खाते मात्र दोन मिनिटांत उघडतात, आणि ज्या गोष्टी आधी पाहून घ्यायच्या त्या फसवणूक झाल्यावर शोधू लागतात. पुढील प्रश्नोत्तरे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मैत्री, सहवास किंवा लग्न यांपैकी कोणत्याही हेतूने इंटरनेटवर जोडीदार शोधणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. ॲप किती सुंदर आहे किंवा त्यावर किती लोक आहेत, यापेक्षा काही बिघडले तर तक्रार कुठे करायची आणि बाहेर कसे पडायचे, हे ते ॲप आधीच स्पष्ट सांगते का, यावरून त्याची पारख करावी, अशी आमची ठाम भूमिका आहे.

पूर्णपणे मोफत असे डेटिंग ॲप खरोखर असते का?

खाते उघडणे बहुतेक ठिकाणी मोफत असते. टिंडर, बंबल, हिंज, ओकेक्युपिड ही परदेशी ॲप किंवा आइल, ट्रूलीमॅडली, क्वॅकक्वॅक ही भारतीय ॲप घेतली, तरी नोंदणीसाठी पैसे लागत नाहीत. उत्पन्न मिळते ते थोड्या सदस्यांच्या वर्गणीतून, जाहिरातींतून आणि अनेकदा सदस्यांच्या माहितीच्या वापरातून. मोफत सदस्याला दिवसाला ठरावीक पसंत्या देता येतात, आपल्याला कोणी पसंत केले त्यांचे चेहरे धूसर दिसतात आणि ते स्पष्ट पाहायचे तर वर्गणी भरावी लागते. यात फसवणूक नाही. व्यवहार उघड आहे.

फसवणूक कुठे सुरू होते, ते अमेरिकेतील एका खटल्यातून नीट कळते. मॅच ग्रुप ही टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिडची मालक कंपनी आहे. तिच्या मॅच डॉट कॉम या संकेतस्थळावर मोफत सदस्यांना आलेले संदेश वाचता येत नसत, पण ‘कोणीतरी तुमच्यात रस दाखवला आहे’ अशा ईमेल मात्र येत. त्यांपैकी अनेक संदेश ज्या खात्यांकडून आले होते, ती बनावट असावीत असा संशय खुद्द कंपनीच्याच यंत्रणेला आला होता, तरीही त्यांचा उपयोग वर्गणी भरायला लावण्यासाठी झाला, असा आरोप ठेवून तेथील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये दावा दाखल केला. ऑगस्ट २०२५ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली.

म्हणून मोफत ॲप तपासताना पहिला प्रश्न हा ठेवावा: दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर पैसे न भरता संदेश वाचता आणि पाठवता येतो का? टिंडर, बंबल आणि हिंजवर तो येतो. जिथे खाते उघडून तासभरही झाला नाही, छायाचित्रही लावले नाही, आणि तरीही पंधरावीस आकर्षक व्यक्तींचे संदेश येऊन पडतात व ते उघडण्यासाठी पैसे मागितले जातात, ते ॲप लगेच काढून टाकावे.

मग विश्वासार्हता ठरवायची कशावरून?

फोन नंबर देण्याआधी दहा मिनिटे काढून चार ठिकाणे पाहावीत.

सर्वांत आधी मालक कोण ते पाहावे. संकेतस्थळाच्या तळाशी किंवा अटींच्या पानावर कंपनीचे नाव, नोंदणीचा देश आणि पत्ता असायला हवा. ॲप स्टोअरमध्ये ॲपच्या नावाखाली विकासकाचे नाव असते. ते आणि संकेतस्थळावरील कंपनीचे नाव जुळते का, ते ताडून पाहावे. प्रसिद्ध ॲपच्या नावात एखादे अक्षर बदलून किंवा पुढे ‘प्रो’, ‘व्हीआयपी’ जोडून काढलेली नकली ॲप बाजारात असतात.

दुसरे ठिकाण तक्रार निवारण अधिकाऱ्याचे. भारतात सेवा देणाऱ्या अशा प्रत्येक मंचाने या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क ठळकपणे प्रसिद्ध करावा, असे माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ सांगतात. तक्रारीची पोच देणे आणि ती ठरावीक मुदतीत निकाली काढणे या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येते, आणि त्यासाठी वकील लागत नाही. हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे, याचे वाईट वाटते, कारण ‘कंपनी परदेशी आहे, आपले कोण ऐकणार’ असे समजून अनेकजण तक्रारच करत नाहीत. ज्या ॲपवर हे नाव दहा मिनिटांत सापडत नाही, त्या ॲपवर आपले छायाचित्र ठेवू नये.

तिसरे, खाते कायमचे काढून टाकण्याची सोय. ॲपलने ३० जून २०२२ पासून, ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्यामध्येच ते काढताही आले पाहिजे, अशी सक्ती केली, आणि गुगलनेही पुढे तसाच नियम केला. तरीही काही ॲप हा पर्याय सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पानावर दडवतात किंवा त्याजागी केवळ ‘खाते तात्पुरते थांबवा’ एवढेच पुढे करतात.

चौथे, समोरच्या व्यक्तीला ब्लॉक करण्याचे आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचे बटण संभाषणाच्या पानावरच आहे का. मध्यरात्री कोणी धमकावत असताना मदतीची पाने चाळत बसण्याची वेळ येऊ नये.

प्ले स्टोअरवरील तारांकने आणि ‘सर्वोत्तम दहा ॲप’ अशा याद्यांवर विसंबावे का?

याद्यांवर नाही. त्यांतील अनेक लेख दुव्यावरून होणाऱ्या प्रत्येक नोंदणीमागे दलाली मिळवण्यासाठी लिहिलेले असतात. तारांकनांची सरासरीही फारसे काही सांगत नाही. त्याऐवजी परीक्षणे ‘सर्वांत नवीन’ या क्रमाने लावून एक तारा देणाऱ्यांची पंधरावीस परीक्षणे वाचावीत. ‘मॅच मिळत नाहीत’ ही तक्रार सर्वत्र असते, ती सोडून द्यावी. पण ‘वर्गणी बंद केल्यावरही पैसे कापले’, ‘खाते काढता येत नाही’, ‘सगळेजण एकाच साच्यातले बोलतात’ अशी वाक्ये पुन्हा पुन्हा आली तर तो इशारा समजावा. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर कोणी एपीके फाइल (ॲप स्टोअरला वगळून थेट ॲप बसवणारी फाइल) पाठवून ‘हे ॲप इथून घ्या’ म्हणत असेल, तर ती उघडूच नये. अशा फाइलमधून मोबाइलमधील एसएमएस आणि ओटीपी वाचणारे ॲप बसवले जाते.

खात्यावर पडताळणीची खूण असेल तर व्यक्ती खरी समजायची का?

त्या खुणेचा आवाका मर्यादित आहे. बहुतेक ॲप सदस्याला चेहऱ्याचा एक छोटा व्हिडिओ किंवा सेल्फी काढायला सांगतात आणि तो चेहरा खात्यावरील छायाचित्रांशी जुळवून पाहतात. टिंडरने ‘फेस चेक’ नावाची अशी पडताळणी भारतासह काही देशांत नव्या सदस्यांसाठी सुरू केली आहे. छायाचित्रातील व्यक्तीच खाते चालवत आहे, एवढे यातून कळते, आणि तेवढेही मोलाचे आहे, कारण दुसऱ्याची छायाचित्रे चोरून उघडलेली खाती त्यामुळे अडतात. मात्र त्या व्यक्तीचे नाव, नोकरी, पगार, विवाहित असणे-नसणे आणि हेतू यांबद्दल ती खूण काहीही सांगत नाही.

ओळखपत्राच्या पडताळणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुलै २०२५ मध्ये ‘टी’ या स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या अमेरिकी ॲपमधून सुमारे ७२ हजार छायाचित्रे बाहेर फुटली. त्यांत पडताळणीसाठी दिलेले सेल्फी आणि ओळखपत्रांची छायाचित्रे मिळून सुमारे १३ हजार होती. म्हणजे सुरक्षिततेसाठी दिलेली वस्तूच असुरक्षित ठरली. ओळखपत्र मागणारे ॲप ते किती दिवस ठेवते, हे गोपनीयता धोरणात वाचावे. आधार द्यावेच लागले तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून तेच द्यावे. समोरच्या व्यक्तीने ‘विश्वासासाठी’ मागितलेले आधार किंवा पॅन कार्ड मात्र कधीही पाठवू नये.

विवाह जुळवणारी संकेतस्थळे डेटिंग ॲपपेक्षा सुरक्षित असतात का?

त्यांच्यावर जबाबदारी अधिक टाकलेली आहे, हे खरे. केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सदस्याच्या ओळखीचा व पत्त्याचा पुरावा घेणे, हे संकेतस्थळ केवळ विवाहासाठी असून डेटिंगसाठी नाही असे ठळकपणे सांगणे आणि फसवणुकीबाबत सदस्यांना सावध करणे, अशा अपेक्षा त्यांत आहेत. डेटिंग ॲपसाठी असा स्वतंत्र दस्तऐवज नाही.

परंतु फसवणूक करणारेही विवाहाच्या संकेतस्थळांवर मुद्दाम येतात, कारण तिथे पहिल्याच आठवड्यात लग्नाचा विषय निघतो, घरचे लोक बोलू लागतात आणि पैशाची मागणी ‘घरातलीच’ वाटते. परदेशातील मराठी मुलगा म्हणून आलेल्या स्थळाच्या बाबतीत त्या शहरातील महाराष्ट्र मंडळात किंवा तिथल्या एखाद्या नातेवाइकाकडे चौकशी करणे, कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून एक पत्र मागवणे, एवढे तरी बोलणी पुढे नेण्याआधी झालेच पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे बायोडाटाची पीडीएफ. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, गोत्र, आईचे नाव, मामेकुळ, वार्षिक उत्पन्न, राहत्या घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल आणि पूर्णाकृती छायाचित्र, हे सर्व एका पानावर असते आणि ते पान ‘वधू-वर’ नावाच्या व्हॉट्सॲप समूहांतून शेकडो अनोळखी लोकांकडे जाते. बनावट खाते उघडायला याहून अधिक काही लागत नाही, आणि बँकेच्या दूरध्वनी पडताळणीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरेही त्यातच असतात. समूहात टाकण्यासाठी नाव, वय, शिक्षण, तालुका आणि संपर्कासाठी एक वेगळा नंबर एवढाच मजकूर असलेली प्रत करावी. जन्मतपशील आणि पत्ता असलेली प्रत स्थळ पसंतीस आल्यावरच द्यावी.

खात्यावर कोणती माहिती ठेवावी आणि कोणती ठेवू नये?

फोन नंबरपासून सुरुवात करू. अनेकांना वाटते की नंबर दिला म्हणजे केवळ नंबर दिला. प्रत्यक्षात तो नंबर ट्रूकॉलरवर टाकला की नाव दिसते, आणि कोणत्याही यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्यासाठी टाकला की बँकेत नोंदलेले पूर्ण नाव दिसते. एखाद्या मुलीने ॲपवर केवळ पहिले नाव ठेवले असले, तरी नंबर दिल्याक्षणी तिचे आडनाव, त्यावरून गाव आणि पुढच्या पाच मिनिटांत फेसबुकवरचे सगळे घर समोरच्यापुढे उघडे पडते. म्हणून पहिल्या प्रत्यक्ष भेटीपर्यंत संभाषण ॲपमध्येच ठेवावे. बंबलसारख्या ॲपमध्ये नंबर न देता व्हिडिओ कॉलही करता येतो. हीच युक्ती उलटही वापरता येते. समोरच्याने स्वतःहून नंबर दिला असेल, तर यूपीआय ॲपमध्ये तो टाकून, एक रुपयाही न पाठवता, दिसणारे नाव त्याने सांगितलेल्या नावाशी जुळते का हे पाहता येते.

दुसरी बाब ठिकाणाची. ‘दोन किलोमीटर अंतरावर’ असे ॲपवर दिसते, तेव्हा तीन वेगवेगळ्या बिंदूंवरून ते अंतर मोजले तर व्यक्तीचा पत्ता जवळपास निश्चित करता येतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये १५ डेटिंग ॲप तपासली तेव्हा बंबल, हिंज, ग्राइंडर यांसह सहा ॲपमध्ये ठिकाण अशा प्रकारे हुडकता येत असल्याचे आढळले. कंपन्यांनी नंतर सुधारणा केल्या. मोझिला फाउंडेशननेही त्याच वर्षी २५ डेटिंग ॲपच्या गोपनीयतेची तपासणी करून २२ ॲपना इशारा देणारा शेरा दिला. सांगली, लातूर किंवा रत्नागिरीसारख्या शहरात तर अंतर आणि एक छायाचित्र यांवरूनच माणूस ओळखू येतो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरतानाच’ अशी ठेवावी, ‘अचूक ठिकाण’ बंद करावे आणि ॲपमध्ये अंतर लपवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

छायाचित्रांत सोसायटीची पाटी, गाडीचा क्रमांक, कार्यालयाचे ओळखपत्र किंवा घरातील लहान मुले नसावीत. इन्स्टाग्रामवर असलेलेच छायाचित्र इथे लावले तर गुगल लेन्सने दोन्ही खाती जोडता येतात. ॲपसाठी वेगळी छायाचित्रे काढावीत.

बनावट खाते कसे ओळखावे?

छायाचित्र गुगल लेन्समध्ये टाकून पाहावे. दुसऱ्याच नावाने ते सापडले तर प्रश्नच मिटला. न सापडल्यास मात्र खाते खरे ठरत नाही, कारण आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला चेहरा कोठेच सापडत नाही. त्यापेक्षा वागणुकीकडे लक्ष द्यावे. दुसऱ्याच दिवशी ‘मी इथे फारसा येत नाही, टेलिग्रामवर ये’ असा आग्रह, व्हिडिओ कॉल दर वेळी काही ना काही कारणाने टळणे, आठवडाभरात लग्नाच्या आणाभाका, आणि आपण कुठल्या तरी स्थानिक गोष्टीबद्दल विचारले की येणारे गुळमुळीत उत्तर, या चार गोष्टींपैकी दोन जरी दिसल्या तरी थांबावे. जो स्वतःला कोथरूडचा म्हणवतो त्याला रोज कुठल्या रस्त्याने कामाला जातो, हे सांगता आले पाहिजे.

‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे’ असा फोन आला, तर काय करावे?

फोन ठेवून द्यावा आणि एक रुपयाही भरू नये. ही फसवणूक जुनी आहे, तरी शिकलेली, कमावती, विशेषतः चाळिशी-पन्नाशीतील एकटी माणसे आजही तिला बळी पडतात. म्हणून तिची चाल सविस्तर सांगतो.

ॲपवर एखादा डॉक्टर, वैमानिक किंवा समुद्रातील तेलविहिरीवरचा अभियंता भेटतो. तो लंडन किंवा ॲमस्टरडॅमला असतो, पत्नी वारलेली असते आणि एक लहान मुलगी असते. महिना-दीड महिना तो सकाळ-संध्याकाळ चौकशी करतो: जेवलात का, औषध घेतले का, आईची तब्येत कशी आहे. मग वाढदिवसाच्या निमित्ताने तो भेट पाठवल्याचे सांगतो आणि पार्सलची पावती, दागिने, आयफोन आणि पौंडांच्या नोटांचे छायाचित्र पाठवतो. तीन दिवसांनी दिल्ली विमानतळावरून ‘कस्टम अधिकारी’ बाईंचा फोन येतो: ‘मॅडम, तुमच्या नावाचे पार्सल आले आहे, ३५ हजार रुपये शुल्क भरा.’ ते भरले की पार्सलमध्ये परकीय चलन सापडते, दंड लाखात जातो, आणि न भरल्यास अटकेची भीती घातली जाते. भरणा दर वेळी एखाद्या खासगी व्यक्तीच्या खात्यात करायला सांगितला जातो, आणि तिथेच हे सोंग ओळखू येते.

सीमाशुल्क विभाग फोन, एसएमएस किंवा ईमेलवरून कोणाच्याही खासगी खात्यात शुल्क भरायला सांगत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या अधिकृत पत्रांवर सहसा दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, असतो. ही पद्धत नोव्हेंबर २०१९ पासून लागू आहे आणि तो क्रमांक खरा आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते.

ॲपवर भेटलेली व्यक्ती गुंतवणुकीचा सल्ला देत असेल तर?

तिथेच संबंध थांबवावा, मग ती व्यक्ती कितीही प्रामाणिक वाटो. या प्रकारात ती व्यक्ती स्वतःसाठी पैसे कधी मागत नाही. ती व्यक्ती केवळ आपली कमाई दाखवते आणि एका क्रिप्टो किंवा शेअर ट्रेडिंग ॲपचा दुवा देते. सुरुवातीला पाच-दहा हजारांवर नफा होतो आणि तो खरोखर बँकेत काढूनही घेता येतो. विश्वास बसल्यावर मोठी रक्कम गुंतवली जाते, पडद्यावरचे आकडे फुगत जातात, आणि रक्कम काढायला गेले की आधी ‘कर’ भरायला सांगितले जाते. ते आकडे कधी खरे नव्हतेच. म्यानमारमधील म्यावडी, कंबोडिया आणि लाओसमधील बंदिस्त आवारांतून असे उद्योग चालतात, आणि तिथे संदेश पाठवायला बसवलेल्यांमध्ये नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेले भारतीय तरुणही आढळले आहेत.

व्हिडिओ कॉलचे चित्रीकरण करून कोणी धमकावत आहे. आता काय करू?

आधी हे लक्षात घ्यावे की आपण गुन्हा केलेला नाही. गुन्हा समोरच्याने केला आहे. अनोळखी व्यक्ती विवस्त्र व्हिडिओ कॉल करते, आपल्यालाही तसेच करायला लावते, पडद्याचे चित्रीकरण होते, आणि दहा मिनिटांत आपल्या फेसबुक मित्रांची यादी जोडून पैशाची मागणी येते. त्यानंतर कोणी ‘क्राइम ब्रँचचा अधिकारी’ किंवा ‘यूट्यूबचा अधिकारी’ बनून व्हिडिओ काढून टाकण्याचे पैसे मागतो. तोही त्याच टोळीतला असतो. २०२२ मध्ये पुण्यात अशा जाचामुळे तरुणांनी जीव दिल्याच्या घटना घडल्या आणि पुणे पोलिसांचा तपास राजस्थानातील अलवर जिल्ह्यापर्यंत पोहोचला. ज्या घरात असा प्रसंग येईल त्या घरातील मोठ्यांनी जाब विचारण्याआधी त्या मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसावे, अशी कळकळीची विनंती आहे.

पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसू नये. क्रमांक, खात्याचे नाव, यूपीआय आयडी आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून मगच ब्लॉक करावे. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार करावी; स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०८ खंडणीसाठी, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६ ई, ६७ आणि ६७ ए खासगीपणाचा भंग व अश्लील चित्रणाचा प्रसार यांसाठी लागू होतात.

चित्रण पसरण्याची भीती असेल तर स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या मोफत सेवेचा उपयोग करावा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत छायाचित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. आपल्याच मोबाइलवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच फेसबुक, इन्स्टाग्राम, बंबल यांसारख्या सहभागी कंपन्यांना दिला जातो, म्हणजे तेच चित्र त्यांच्या मंचावर चढवले तर ओळखून अडवता येते. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर ‘टेक इट डाउन’ ही वेगळी सेवा आहे. मन फार खचले असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

पहिल्या भेटीची जागा कोणी ठरवावी?

दोघांनी मिळून, पण समोरची व्यक्ती एकाच ठरावीक पबचा किंवा कॅफेचा हट्ट धरत असेल तर जाऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत अंधेरीतील एका क्लबबाबत अनेक पुरुषांनी तक्रारी केल्या: डेटिंग ॲपवर भेटलेली मुलगी तिथेच बोलावते, महागडी पेये भराभर मागवते, मध्येच निघून जाते, आणि हातात २३ हजारांपासून ६१ हजारांपर्यंतचे बिल पडते. दिल्लीतही असे प्रकार घडले आहेत. बाउन्सर घेरून उभे असतील तर तिथे वाद घालण्यापेक्षा ११२ वर फोन करावा, बिलाची प्रत मागावी आणि शक्यतो रोख पैसे देऊ नयेत, म्हणजे व्यवहाराचा पुरावा राहतो.

स्त्रियांनी दिवसाची, वर्दळीची आणि आपल्या माहितीची जागा निवडावी, जाण्यायेण्याचे वाहन आपले ठेवावे, आणि ‘थेट ठिकाण’ एका मैत्रिणीला किंवा भावंडाला पाठवून ठेवावे. पेल्यावरून नजर हटली असेल तर तो पुन्हा तोंडाला लावू नये.

समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तींनी वेगळी काळजी घ्यावी का?

हो, कारण त्यांना लुबाडणारे लोक घरी कळवण्याची भीती हेच हत्यार वापरतात. ग्राइंडरसारख्या ॲपवरून एकाला निर्जन जागी किंवा खोलीवर बोलवायचे, तिथे तीन-चार जणांनी मारहाण करून यूपीआयने पैसे घ्यायचे आणि ‘पोलिसांत देऊ’ असे धमकवायचे, ही नेहमीची पद्धत आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, त्यामुळे ही धमकी पोकळ आहे आणि तक्रार करणाऱ्यावर कारवाई होऊ शकत नाही. अंतर लपवून ठेवावे आणि पहिली भेट कधीही खोलीवर घेऊ नये. पोलिसांत एकट्याने जाणे जड वाटत असेल तर मुंबईतील हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेकडे आधी बोलता येते.

पैसे गेले आहेत. ते परत मिळण्याची शक्यता असते का?

असते, पण ती तासागणिक कमी होते. १९३० वर फोन केल्यावर रक्कम ज्या खात्यात गेली तिथून पुढे सरकण्याआधी ती रोखून धरण्याचा प्रयत्न बँकांमार्फत केला जातो. म्हणून ‘उद्या बघू’, ‘आधी घरी सांगू’ यात रात्र घालवू नये. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक, रक्कम, वेळ, आपल्या बँकेचे नाव आणि समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक हाताशी ठेवावा. त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. गुन्हा कुठे घडला या कारणावरून पोलीस ठाण्यातून परत पाठवले जात असेल तर ‘झिरो एफआयआर’ मागावा. कोणत्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणून टेलिग्रामवर येणारे ‘सायबर तज्ज्ञ’ हे फसवणुकीचे दुसरे पर्व असते.

वर्गणी भरावी का, आणि भरली तर थांबवावी कशी?

निदान महिनाभर मोफत वापरून आपल्या शहरात पुरेशी माणसे आहेत का, हे कळल्याशिवाय भरू नये; मुंबई-पुण्यात भरलेले दिसणारे ॲप जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांत संपून जाते. भरायचीच तर सहा महिन्यांची स्वस्त वाटणारी योजना न घेता एका महिन्याची घ्यावी.

ॲप मोबाइलवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या ‘सबस्क्रिप्शन’ पानावर जाऊन ती रद्द करावी, आणि यूपीआयने भरली असेल तर यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ विभागात ती परवानगी अजून जिवंत आहे का, हेही पाहावे. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नये.

खाते बंद करताना काय पाहावे?

मोबाइलवरून ॲप काढले तरी खाते तसेच राहते, छायाचित्रे इतरांना दिसत राहतात आणि लग्न ठरल्यावर नको त्या वेळी कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट पाठवते. आधी वर्गणी रद्द करावी, मग ‘माझी माहिती उतरवून घ्या’ हा पर्याय असेल तर आपल्याबद्दल काय काय साठवले आहे ते एकदा पाहावे, त्यानंतर छायाचित्रे आणि परिचय स्वतः पुसावा आणि शेवटी ‘खाते कायमचे काढा’ हा पर्याय निवडावा.

हा क्रम सांगण्यामागे कारण आहे. २०१५ मध्ये ॲश्ली मॅडिसन या विवाहबाह्य संबंधांसाठीच्या संकेतस्थळावरून ३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरली गेली, तेव्हा ज्यांनी १९ डॉलर भरून ‘संपूर्ण माहिती पुसण्याची’ सेवा घेतली होती, त्यांचेही तपशील त्यात निघाले. म्हणून काढण्याआधी जे स्वतःच्या हाताने पुसता येते ते पुसावे. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करताना या कायद्याचा उल्लेख जरूर करावा. खाते काढल्याचा ईमेल जपून ठेवावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी त्या ॲपवर असलेल्या एखाद्या मित्राला आपला परिचय अजून दिसतो का, ते पाहायला सांगावे. दिसत असेल, तर तोच ईमेल जोडून पुन्हा तक्रार करावी.